अहो वहिनी, अगं आई

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुला आठवतं का, रविवारी संध्याकाळी आपण मागच्या पायरीवर बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो? बुटांपेक्षा तुझे गुडघेच जास्त पांढरे व्हायचे, आणि तू आत तोंड करून म्हणायचीस, "वहिनी, चिंधी द्या ना." दाराआडून एक हात यायचा, चिंधी यायची, हात परत जायचा. आता ते गुडघे कसे आहेत? तुझ्या अहोंचं ब्लडप्रेशर? माझं विचारू नकोस, कंबर जाग्यावर आहे एवढंच. वहिनींची प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणजे ठीक नाही. पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. वहिनी रुसल्या आहेत.

आपल्या घरात आईची वहिनी कशी झाली, ते तुला ठाऊकच आहे. काकामंडळी त्यांना वहिनी म्हणायची, दादा काकांच्या मांडीवर बोलायला शिकला, आपण दादाकडून शिकलो. नुसतं वहिनी म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण दिरांचं 'तुम्ही'ही आपण जसंच्या तसं उचललं. शाळेत मदर होत्या, सिस्टर होत्या, रविवारी फादर यायचे. घरी मात्र वहिनी, आणि वडील ते भाऊ. ('माझी आई' हा निबंध तू मदर सुपीरियरवर लिहिलास आणि बक्षीस आणलंस. वहिनींनी ते बक्षीस काचेच्या कपाटात ठेवलं. निबंध वाचला का, हे त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.) दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीची जागा भरलेली, म्हणून त्याच्या बायकोला आपण 'नवी वहिनी' म्हणालो, मग नुसतं 'नवी'. नवीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि ती अजून नवीच आहे.

तर, शेजारी एक हिशेबनीस राहतात. चांगले टक्कल पडलेले गृहस्थ, पण रोज सकाळी न्हाणीघरातून ओरडतात, "अगं आई, टॉवेल!" मला त्याचा वैताग यायचा. वहिनी मात्र त्या वेळेला खिडकीशी खुर्ची लावून घ्यायला लागल्या. मला वाटलं, ऊन खातात. गेल्या सोमवारी मी म्हटलं, "वहिनी, दूध घ्या," तर उत्तर नाही. परत म्हटलं, उत्तर नाही. उकळतं दूध गॅसवर सोडून धावले, उंबऱ्याला अंगठा ठेचला, तर त्या डोळे उघडे ठेवून स्वस्थ बसलेल्या. म्हणाल्या, "वहिनी कुणाची? दीर सगळे गेले." (दूधही गेलं होतं. गॅस पुसताना मला रडू आलं ते अंगठ्यामुळे, असं मी ठरवून टाकलं.)

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, नवी तुम्हाला इतकी वर्षं आईच म्हणते ना? तर म्हणाल्या, "ती सुनेची 'अहो आई'. व्यायाम शिकवायला येतो त्याचीही 'अहो आई'. 'अगं आई' मी कुणाचीच नाही. तीन बाळंतपणं काय शेजाऱ्यांनी केली?"

मी दादाला फोन केला. तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला, दारात उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "अहो आई, कसं वाटतंय?" त्याने हा शब्द आयुष्यात फक्त सासूबाईंसाठी वापरलेला. वहिनी म्हणाल्या, "या जावईबापू, बसा. लेकीला नाही आणलंत?" दादा चहा न घेता गेला. नवी जिन्यात हसत थांबली होती, ती आत येऊन दोघांचाही चहा प्यायली.

माझं म्हणशील तर मी रोज सराव करते. शाळेत मुलांकडून इतकी वर्षं शब्द घोटून घेतले, मला जमायला हवं. स्वयंपाकघरात भांड्यांशी नीट जमतं. खोलीत गेलं की त्या पांढऱ्या केसांकडे बघून 'तू' म्हणवत नाही. जीभ वळत नाही, चोरी केल्यासारखं वाटतं. त्यामुळे सध्या मी काहीच हाक न मारता बोलते. "दूध आणलंय." "पंखा लावू का?" नाटकातल्या नोकरासारखं. त्याही तसंच उत्तर देतात. संध्याकाळपर्यंत दोघीही दमून जातो.

तू मात्र धावत येऊ नकोस. तिकीट महाग, तुझे गुडघे, आणि इथे मी आहेच. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. पत्र लिहून चष्मा कुठेतरी ठेवला आणि सापडेना. घरभर फिरले, वैतागले आणि आतून ओरडले, "अगं आई, माझा चष्मा बघितलास का?" ओरडल्यावर कळलं काय ओरडले ते. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज. जाऊन बघते तर आई उभी. तीन आठवडे जिला दोघांनी धरून उठवावं लागत होतं, ती भिंतीला हात लावत अर्ध्या खोलीत आलेली, पाय लटलट कापताहेत. मी घाबरून म्हटलं, "कशाला उठलीस? पडशील ना." तर म्हणाली, "हाक मारलीस ना." चष्मा तिच्याकडे नव्हताच. ती नुसतीच उठली होती.

ता. ता. क. वर लिहिलंय ते सोड, ये. डॉक्टर परवा मला बाहेर नेऊन म्हणाले, लांबच्यांना बोलावून घ्या. ते मी वर मुद्दाम लिहिलं नव्हतं. फोनवरून हाक मारू नकोस, तिला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मला ती हाक तिथे वाया घालवायची नाही.

आणखी एक. रात्री आईने वाटण्या सांगितल्या, लिहून घे म्हणाली. शिवणयंत्र नवीला, आणि आजपासून नवीला 'वहिनी' म्हणायचं, तेही तिलाच दिलं. भाऊंचं घड्याळ दादाला, जावईबापू म्हणून नाही, मुलगा म्हणून. खिडकीतली खुर्ची मला. मी विचारलं, "आणि धाकटीला गं?" म्हणाली, "तिला आधी येऊन ओरडू दे."