हार्बरमेन गेले त्या वर्षी

रविवार, २८ ऑगस्ट १९९४

कॉरिनचा फोन. मी उचलला. "मॉम, बरी आहेस ना? डॅडला दे." — झालं माझं बोलणं!

मग एमिलनं खुर्ची ओढली आणि बापलेक तासभर. आमच्या गावच्या संघाचा, हार्बरमेनचा, नुसता सरावाचा सामना, जिंकून-हरून काही फरक नाही, तरी! "त्या नव्या पोराच्या हातांना लोणी लावलंय का गं? चेंडू टिकतच नाही!" तिकडून ती काहीतरी म्हणाली, हा खो खो हसला. एरवी आठवडाभर या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आडातून पाणी काढायचं.

मी भांडी पुसत ऐकत होते. खरं तर भांडी केव्हाच पुसून झाली होती.

ती कशी आहे, हे तो विचारत नाही. ती सांगत नाही. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा इथं क्रेन चालवणारीला काम उरलं नाही, म्हणून पोर दक्षिणेला कॉस्टा वर्देला गेली. तिथं म्हणे जिथं बघावं तिथं बांधकाम. जाताना एमिल दारात आला नाही. पहिल्या रविवारी मात्र हार्बरमेन जिंकले आणि तिचा फोन आला. "डॅड, बघितलंत?" तेव्हापासून हे असं चालू आहे. दोघांमध्ये एवढा एकच पूल. पण आहे.


शुक्रवार, १६ सप्टेंबर

चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला गेलो. मासा बेताचा, भांडण फर्मास.

संघाच्या मालकाला नवं स्टेडियम हवंय, आणि ते आपण बांधून द्यायचं! विक्रीकर वाढवून. नोव्हेंबरात मतदान. नाही म्हणालात तर दुसरं शहर बघतो, असं पेपरात सरळ म्हणालाय.

शेजारचा डेल टली मीठ मागायला उठला तो बसलाच नाही. "घर त्याचं मोठं, बोट त्याची मोठी, खिसा तेवढा आपला लागतो! माझ्या नातीच्या शाळेत पाऊस पडला की वर्गात बादल्या ठेवतात."

एमिल म्हणाला, "मग तू रविवारी काय करणार? बादल्या बघत बसणार?"

सगळे हसले. डेलसुद्धा. पण नंतर हळूच म्हणाला, "मी 'हो'च देणार रे. म्हणून तर राग येतोय."

माझ्या लायब्ररीचं कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. कर लागला तर लायब्ररीच्या वाट्याचे पैसेही स्टेडियमकडे वळणार आणि आमची हॅरो स्ट्रीटची शाखा आठवड्यात तीनच दिवस उघडी राहणार, असं मिसेस पेलकींनी आम्हाला सांगून ठेवलंय. आमच्या मुख्य बाई त्या, उगाच घाबरवणाऱ्यातल्या नाहीत.


रविवार, ९ ऑक्टोबर

स्टेडियमवर गेले होते. कॉरिन गेल्यापासून तिच्या जागेवर मीच बसते. तळ्यावरून असा वारा सुटला होता की नाकाचा शेंडा जागेवर आहे की नाही कळेना. खुर्ची कुरकुरते, पुढचा खांब अर्धं मैदान खातो. मला या खेळातलं अजून धड कळत नाही. एमिल मात्र पुढे झुकून बोलत राहतो. "बघ, बघ, आता डावीकडून काढणार." माझ्याकडे न बघता. तो माझ्याशी बोलतच नसतो. ती आठ वर्षांची असल्यापासून या खुर्चीशी बोलायची सवय आहे त्याला.

मी "हं" म्हणते. बरोबर वेळी म्हणायला शिकलेय.

जिंकले! मागच्या रांगेतून डेलनं एमिलच्या डोक्यावर कॉफी सांडली, आणि दोन म्हातारे गळ्यात गळे घालून ओरडत होते. घरी पोचतोय तोच फोन.


सोमवार, १७ ऑक्टोबर

हरले. फोन दुप्पट लांबला. हरल्यावर बोलायला जास्त असतं.


मंगळवार, ८ नोव्हेंबर

मत देऊन आले.

पडद्याआड बराच वेळ उभी राहिले. दुपारी लायब्ररीत येणारी ती जाड चष्म्याची मुलगी आठवली, घरी तीन भावंडं म्हणून आमच्याकडे अभ्यास करते. तिला सोमवारी-मंगळवारी कुलूप बघावं लागणार. आणि माझ्या कानात कोण? एमिलचं हसणं.

'हो' केलं. देव मला माफ करो. पुस्तकं करतील, ती चांगली असतात.

बाहेर एमिल गाडीत वाट बघत होता. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गाडीत बटाट्याच्या भावावर बोललो.


बुधवार, ९ नोव्हेंबर

मंजूर! थोडक्यात, पण मंजूर. एमिलनं मला स्वयंपाकघरात धरून गिरकी घेतली. एकसष्ट वर्षांचा माणूस! कॉरिनला फोन लाव म्हणाला. लावला, ती कामावर होती. यंत्रावर निरोप ठेवायला त्याला लाज वाटते, म्हणून नुसता ओरडला: "राहिले! राहिले गं!"


मंगळवार, २२ नोव्हेंबर

जाणार आहेत.

आम्ही 'हो' म्हणालो तरी. मालकानं सांगितलं, उशीर झाला, दुसरीकडे करार झाला. तिथं स्टेडियम आधीच बांधत होते म्हणे, संघाचा पत्ता नसताना! सगळा खर्च त्या शहराचा. भाडंसुद्धा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

एमिल टीव्हीसमोर उभा होता, बूट घातलेला, बाहेर निघता निघता थांबलेला. बातमीदारानं शहराचं नाव घेतलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कुठे म्हणाला?" एमिलनं विचारलं.

त्यालाही ऐकू आलं होतं.

"कॉस्टा वर्दे," मी म्हटलं.

तो बसला. बुटांचे बंद सोडले, परत बांधले. म्हणाला, "सगळे तिकडेच जातात."


रविवार, २७ नोव्हेंबर

सामना झाला. फोन नाही.

मी तिला लावणार होते. एमिल म्हणाला, "राहू दे. काय बोलायचं?"


बुधवार, ३० नोव्हेंबर

कॉरिननं मला लायब्ररीत फोन केला. असा कधी करत नाही. मी परत आलेली पुस्तकं लावत होते.

"मॉम, डॅड आहेत का जवळ?"

"इथं कशाला असतील? काय झालं गं?"

 मग म्हणाली, "ते स्टेडियम मीच बांधतेय."

म्हणजे तिची क्रेन. दोन वर्षं झाली तिथं कामाला लागून. आम्हाला 'मोठं सरकारी काम' एवढंच सांगायची. "डॅडना सांगितलं असतं तर दर रविवारी चिडवलं असतं. संघ नाही आणि स्टेडियम! आम्हीसुद्धा हसायचो मॉम, जेवणाच्या सुटीत पैजा लावायचो कुठलं गाव रडणार म्हणून. आपलं असेल असं मनात... मी वरून तुळया खाली ठेवत होते, आणि..."



"सोडून देऊ का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "वेडी आहेस? काम आहे ते." म्हटलं खरं. मग आतल्या खोलीत जाऊन बसले. मिसेस पेलकींनी काही न विचारता चहा आणून ठेवला.

एमिलला सांगू नकोस म्हणाली.


गुरुवार, १ डिसेंबर

सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर जास्त लागलं असतं.

तो कोबीची पानं सोलत होता. ऐकलं. सुरी खाली ठेवली. "माझ्या पोरीनं," एवढंच. मग कोट न घालता अंगणात गेला आणि तिथं करण्यासारखं काही नसताना बराच वेळ काहीतरी करत राहिला.

मी कोबी संपवला.


रविवार, १८ डिसेंबर

इथला शेवटचा सामना.

जिंकले, कसं कुणास ठाऊक. शिट्टी झाली तरी कुणी हलेना. मग कुठूनतरी ठाकठूक सुरू झाली. लोक पाने, करवती कोटात लपवून घेऊन आले होते! खुर्च्या उखडायला लागले. रडत रडत उखडत होते. एक पाद्रीबाबा लांबलचक फळी खांद्यावर घेऊन निघाले, अगदी गंभीरपणे, आणि पोलिसांनी त्यांना वाट करून दिली.

डेलनं त्याची काढली. मग आमच्याकडे वळला. "कॉरिनची काढून देतो. अ‍ॅगी, तू बाजूला हो."

"हात लावू नकोस," एमिल म्हणाला.

"अरे, उद्या दुसरं कुणी नेईल!"

"नेऊ दे. ती बसून सामना बघायची जागा आहे. घरी नेऊन काय भिंतीकडे बघू?"

 डेलनं आपली उखडलेली खुर्ची परत जागेवर ठेवली, नुसतीच, बिनखिळ्यांची, आणि तिच्यावर बसला. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. मैदानावर पोरं मूठ-मूठ गवत उपटत होती.

मला आज खेळ कळला असं वाटलं. उशिरा!


शनिवार, २४ डिसेंबर

कॉरिनला सुटी नाही. संघ येणार म्हणून काम घाईत.

जेवणाआधी, नाताळच्या रात्री घरातल्या सगळ्यांनी वाटून खायची ती पवित्र पापडी मोडली. एक तुकडा मला, एक त्याला. मग त्यानं आणखी एक मोडला, पाकिटात घातला आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "पत्ता तू घाल." आत एक ओळ नाही. पण तुकडा मोठा होता, आमच्या दोघांच्यापेक्षा.


रविवार, २९ जानेवारी १९९५

रविवार. काही नाही.


रविवार, १६ एप्रिल

ईस्टर. ती मला बुधवारी लायब्ररीत फोन करते आता. तिची खबरबात मला कळते — गुडघा दुखतो, नवीन खोली घेतलीय, शेजारीण चांगली आहे. इतकी वर्षं तिनं माझ्याशी असंच बोलावं म्हणून झुरत होते. आता बोलते, आणि मला ते तासभर भांडी पुसत ऐकणं हवंय. माणसाचं काही खरं नाही.

आज तिचं ताट मांडलं. चुकून. एमिलनं बघितलं, उचललं नाही.


मंगळवार, ११ जुलै

तिकडे स्टेडियमच्या कामगारांच्या घरच्यांना पहिल्या सामन्याची तिकिटं देणार आहेत. कॉरिननं मला विचारलं, मी त्याला.

"मेलो तरी जाणार नाही."

"तिनं बांधलंय, एमिल."

"ते ठाऊक आहे मला!" इतक्या जोरानं की कुंपणापलीकडे डेलचा कुत्रा भुंकला. मग खालच्या आवाजात, "म्हणूनच सांगतोय. तिथं बसून मी शिव्या कुणाला देऊ?"


रविवार, ३ सप्टेंबर

आज त्यांचा तिथला पहिला सामना. सकाळीच एमिल गळ घेऊन तळ्यावर गेला. आमच्या गल्लीत एकाही घरातून टीव्हीचा आवाज नाही. असा मुका रविवार मी इथं पाहिला नव्हता.

संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. मी सूप गरम करत होते आणि फोन वाजला.

रविवारी! इतक्या महिन्यांनी. मी उचलला.

"मॉम," ती म्हणाली. "डॅडला देऊ नकोस. नुसता रविवार होता म्हणून केला."

एमिल दारात उभा. माझ्या तोंडाकडे बघत होता. मग आला आणि माझ्या हातातून फोन घेतला.  मला वाटलं आता ठेवतो. मी सुपाकडे पाठ करून उभी होते, ते उतू गेलं तरी हलले नाही.

"तिथं वर," एमिल म्हणाला, आणि खाकरला. "तिथं वर तुला चक्कर येत नाही का गं?"

असं काही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. कधीच.

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. खुर्ची जवळ नव्हती म्हणून तो फरशीवर बसला, भिंतीला टेकून, लहान पोरासारखा. "रोज? ... मग काय करायचीस? ... वारा सुटला की? ... आणि हे मला सांगायला काय झालं होतं?" गुडघ्याचंही विचारलं. कुठलं मलम, ते सांगितलं. सामन्यात कोण जिंकलं, हे तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर म्हणाला, "तिला चक्कर यायची. पहिल्या महिन्यात रोज." जणू मी तिची कुणीच नाही आणि तो मला बातमी देतोय.

एका बुधवारी तिनं मला हे केव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, "हो का?"


रविवार, १७ सप्टेंबर

फोन. दीड तास! एमिलनं तिला पिएरोगीचं, त्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, पीठ कसं मळायचं ते सांगितलं. त्याला स्वतःला येत नाही. सगळं चूक सांगितलं. मी मध्ये पडले नाही.

फोन आहे, हसणं आहे, सगळं आहे. ठेवला की घर आणखी रिकामं वाटतं. आवाजानं भूक भागत नाही, चाळवते. एमिलही आता खिडकीशी उभा राहतो.


गुरुवार, ५ ऑक्टोबर

कॉरिनचं तिथलं काम संपलं. नवीन मिळालंय. इथं, पोर्ट लॅनिंगला! सोमवारी येतेय, घरीच राहणार. काउंटी सरकारनं आपलं जुनं स्टेडियम पाडायला काढलंय, क्रेन तिची.

एमिलला सांगितलं.  त्यानं विचारलं, "किती दिवसांचं काम?"

"वसंतापर्यंत म्हणाली."

"सावकाश पाड म्हणावं," तो म्हणाला, आणि तिची खोली झाडायला गेला.