घरच्या घरी सातवीचं विज्ञान

मांजरी, १६ जून २०२५

ती. श्याममामांस,
हेमाचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? नारायण पेठेतले तीन जिने अजून उतरता, की भाजीवाल्याला दोरीने पिशवी सोडता?

एक काम आहे. वल्लरी यंदा शाळेत जाणार नाही. सातवी घरीच करायची ठरवलं आहे. भाषा, इतिहास, गणित मी बघेन. विज्ञान मला झेपणार नाही. तुम्ही जन्मभर शाळेत तेच शिकवलंत, तेव्हा वर्षभराचा अभ्यासक्रम आखून द्या. तयार प्रयोगपेट्या परवडत नाहीत. अवधूतच्या कारखान्यात जादा पाळ्या बंद झाल्या आहेत. घरात आहे त्यातच भागवायचं.

शाळा का सोडली, हे तुम्ही विचारणारच. हडपसरची वाहतूक, बसची दगदग, फी. सगळ्यांना हेच सांगितलं आहे.

काही अटी आहेत. विस्तव नको. स्टुलावर चढणं नको, गच्ची नको, पाण्याच्या टाकीजवळचं काही नको. तिने एकटीने करायचं तर काहीच नको. मी अंघोळीला जाते तेव्हा ती दाराबाहेर बसून मोठ्याने पाढे म्हणते. आवाज थांबला की मी असेन तशी बाहेर येते.

फोन करू नका. तुम्हाला ऐकू येत नाही आणि फोन अभ्यासासाठी दिवसभर तिच्याकडे असतो. मेसेजही ती वाचते. पत्र लिहा. खालची टपालपेटी मीच उघडते.

तुमचा लोभ आहेच. या वर्षी थोडा जास्त लागेल.

तुमची
हेमा


नारायण पेठ, २४ जून २०२५

चि. सौ. हेमास,
अ. आ.

मुख्याध्यापिका तू आणि शिपाईही तूच. अभिनंदन. पगार दोघींचाही बुडणार.

आराखडा सोबत आहे. जुलैत मोजमाप: वाट्या, सुतळी, वजनकाटा. ऑगस्टात आम्ल आणि अल्कली: हळदीचा कागद, लिंबू, धुण्याचा सोडा. मग उष्णता: मेणबत्ती, पातेलं, बर्फ. मग प्रकाश: माझ्या जुन्या चष्म्यांची भिंगं पाठवतो, मला निरुपयोगी आहेत, विज्ञानाला चालतील. तुमच्याकडे इमारतींनी थोडा ऊस शिल्लक ठेवला असेल तर एक कांडी कुंडीत लावा. डिसेंबरात शरीर: हृदय, फुप्फुसं, मेंदू. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्यायची. नवी घेण्याइतकं विज्ञान बदललेलं नाही.

अटी वाचल्या. विस्तवाशिवाय उष्णता म्हणजे पाटावर पोहणं. हडपसरच्या वाहतुकीमुळे माणसाला मेणबत्तीची भीती का वाटावी, ते मात्र कळलं नाही. मी बहिरा आहे, बावळट नाही.

पाढ्यांबद्दलचा मजकूर पुन्हा वाचला. खरं काय ते लिही.

आशीर्वाद आहेतच. ते कशासाठी द्यायचे हे कळलं तर बरं.

श्याममामा


मांजरी, ३ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या आराखड्यावर काट मारत गेले. मेणबत्ती खोडली. पातेलं खोडलं. काचेची भिंगं खोडली. मेंदूपाशी हात थांबला.

मार्चमध्ये वल्लरी स्वयंपाकघरात पडली. अंग ताठ झालं, मग झटके. ओठ निळे पडले. मला वाटलं, गेली. मग उठून बसली आणि मला विचारलं, तू का रडतेस. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. शाळेत पाठवा, म्हणाले. एप्रिलमध्ये पुन्हा झालं. गोळ्या वाढवल्या.

अवधूत म्हणाले, हे नाव घरात उच्चारायचं नाही. मुलीची जात आहे. उद्या स्थळं बघताना कोणी ना कोणी आठवण काढेलच. सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली. शाळेत पडली असती तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून शाळा नाही.

तिला सांगितलं आहे की रक्त कमी आहे, म्हणून चक्कर येते, गोळ्या रक्ताच्या आहेत. ती रोज सकाळी आरशासमोर डोळ्याची खालची पापणी ओढून बघते, आत लाल दिसतं का. मग मला विचारते, आज कालच्यापेक्षा बरं आहे ना.

मेंदूचा धडा गाळा. ती हुशार आहे, त्यातून सगळं काढेल. नाव मी इथेही लिहीत नाही. तुम्ही ओळखाल.

रागावलात तरी लोभ तोडू नका.

हेमा


नारायण पेठ, १० जुलै २०२५

चि. हेमास,
अ. आ.

अपस्मार. लोक फिट येते म्हणतात. लिहिलं. पेन मोडलं नाही.

आराखडा बदलला आहे. मेंदू डिसेंबरातून काढून सर्वांत आधी घेतला. सोबतच्या दोन कागदांवर सगळं सोप्या भाषेत आहे. फिट आली तर काय करायचं, काय करायचं नाही, तेही आहे. डॉक्टरांकडून तपासून घे, मी मास्तर आहे, वैद्य नाही.

धडा तू फक्त तिच्यापुरता गाळत नाहीस. तू बाहेर असताना ती पडली तर तुझ्या सासूबाई, इंदूबाई, काय करतील? त्यांना कोणी शिकवलं?

बोलणी खाण्याइतकी तू मोठी झाली आहेस, पण मी ती तूर्त राखून ठेवतो. आशीर्वाद मात्र आत्ताच घे.

श्याममामा


मांजरी, ५ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी डाळीच्या डब्यामागे ठेवलं. कागद डॉक्टरांना दाखवले नाहीत. उत्तरही दिलं नाही.

शुक्रवारी मी गोळ्या आणायला शहरात गेले होते. समोरच्या घरातली सलोनी वल्लरीबरोबर कॅरम खेळत होती. वल्लरी कॅरमच्या पाटावरच कोसळली. सलोनीच्या किंकाळीने सासूबाई धावल्या. त्यांनी गावाकडे जे पाहिलं होतं ते केलं. नाकाशी चप्पल धरली. दातखीळ सोडवायला चमचा घातला. सलोनीला हात दाबून धरायला सांगितले.

मी पोहोचले तेव्हा वल्लरीचा पुढचा दात अर्धा तुटला होता, हिरडी फाटली होती, फ्रॉक रक्ताने भरला होता. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चप्पल अजून हातात होती. खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

त्यांना काय बोलणार? सहा वेळा त्यांनी मला विचारलं, माझं काय चुकलं. आम्ही घरात शब्दच काढत नव्हतो. मग करायचं काय, हे कोण कोणाला सांगणार होतं?

संध्याकाळी वल्लरीला जवळ घेतलं आणि तुमचे कागद वाचून दाखवले. मेंदू, त्यातली वीज, झटका, सगळं. तिने विचारलं, मी मरणार का. मी डॉक्टर म्हणाले ते सांगितलं. मग विचारलं, हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं का. मी हो म्हटलं. मग म्हणाली, म्हणजे माझं रक्त चांगलं आहे.

त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. अंघोळीला जाते आणि आतून कडी लावते. मी दाराला कान लावून उभी असते. पाण्याचा आवाज थांबला की तिला हाक मारते.

तुमचं ऐकायला हवं होतं. लोभ राहू द्या.

हेमा


मांजरी, १८ ऑगस्ट २०२५

ती. श्यामआजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई म्हणाली, आधी नमस्कार लिहायचा असतो. लिहिला.

मी आईशी परत बोलते. कडी लावत नाही, पण दार लोटते, आणि आत गाणी म्हणते. पाढे बोअर होतात. दाताला डॉक्टरांनी सिमेंट लावलं आहे. स म्हटलं की शिट्टी वाजते.

मेंदूचा धडा झाला. कणकेचा मेंदू केला. इंदूआजीने विचारलं, झालं असेल तर पोळ्या लाटू का. तुमचे कागद आईने आमच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी एकच ओळ वाढवली: फिट पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन.

आता महत्त्वाचं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचा कार्यक्रम असतो. सगळे डान्स करतात, तोच तोच. मला प्रात्यक्षिक करायचं आहे, फिट आली तर काय करायचं त्याचं. मी पेशंट. सलोनी आणि आमच्या सोसायटीतला साई मदत करणारे. सामान म्हणजे सतरंजी, उशी आणि घड्याळ. तुम्ही म्हणता तसं, बिनखर्चाचं. सलोनीला यायचंच आहे, कारण त्या दिवशी तिने माझे हात दाबले होते आणि अजून तिला ते आठवतं.

बाबा नाही म्हणाले. आई हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. नुसती बघते. तिला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते. मला पडताना काहीच कळत नाही. उठल्यावर सगळ्यांचे चेहरे दिसतात, तेव्हा वाटते.

प्लीज आईला लिहा. ती तुमचं ऐकत नाही, पण वाचते.

तुमची नात (शिट्टीवाली)
वल्लरी


नारायण पेठ, २२ ऑगस्ट २०२५

चि. हेमास,
अ. आ.

कार्ड पुरे. विज्ञानाची परीक्षा प्रात्यक्षिकाशिवाय होत नाही. परीक्षक म्हणून आलो असतो, गुडघा नाही म्हणतो.

अवधूतरावांना सांग: लग्नाला निदान दहा-बारा वर्षं आहेत. पुढची फिट त्याआधी येऊ शकते.

श्याममामा


मांजरी, ३ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रविवारी झालं. लिहायला आज बसले.

अवधूतना तुमचं कार्ड दाखवलं. त्यांनी ते वाचून टेबलावर ठेवलं आणि सोसायटीच्या कार्यकर्त्यांकडे स्वतः तिचं नाव देऊन आले.

मंडपातली लुकलुकती माळ मी बंद करायला लावली. डॉक्टर म्हणतात, वल्लरीला दिव्यांचा त्रास नाही. तरी बंद करायला लावली. दोन नाच झाले, मग ती माइकपाशी आली. आजाराचं नाव सांगितलं, मला आहे म्हणाली. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी आपला मुलगा मांडीवर ओढून घेतला. मी खांब धरून उभी होते. अवधूत मागे, पार्किंगमध्ये.

ती सतरंजीवर आडवी झाली आणि हातपाय झटकू लागली. साईने खुर्च्या बाजूला केल्या. झटके थांबल्यावर सलोनीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली, घड्याळ बघितलं. सासूबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, तोंडात काही घालू नका रे, दात जातो! सगळे हसले. मग सलोनीने प्रात्यक्षिक संपलं असं जाहीर केलं.

वल्लरी उठली नाही.

डोळे मिटलेले. मग एक हात उडाला. पुन्हा उडाला. सलोनीने माझ्याकडे बघितलं. मामा, मी आई आहे आणि मला कळलं नाही. दोनदा डोळ्यांसमोर बघितलंय, तरी खरं की खोटं ते मला ओळखता आलं नाही. मागून अवधूत धावत येत असल्याचं ऐकू आलं.

सलोनी गुडघ्यांवर बसली. वल्लरीच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला नाही. माइक बाजूला ठेवून लोकांना गर्दी करू नका म्हणाली. साईने त्याच्या बाबांकडे फोन मागितला. कोणी चप्पल काढली नाही. कोणी तोंडाला हात लावला नाही. मुलाला मांडीवर घेतलेल्या बाई उठल्या आणि त्यांनी मंडपाचा पडदा वारा येण्यासाठी वर धरला.

मग वल्लरीने डोळे उघडले आणि उठून बसली.

घरी आल्यावर तिने सांगितलं. ती मुद्दाम पडून राहिली होती. सलोनीलाही सांगितलं नव्हतं. माहीत असताना लोक काय करतात ते कळून उपयोग नाही, म्हणाली. माहीत नसताना काय करतात ते बघायचं होतं. अवधूत पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मी हात उगारला होता. मारलं नाही. विचारलं, काय दिसलं तुला.

म्हणाली, कोणी पळालं नाही.

सोमवारी आम्ही दोघं शाळेत जाऊन बाईंना भेटणार आहोत. सगळं सांगून प्रवेश मागायचा आहे. नाही म्हणाल्या तर दुसरी शाळा. हो म्हणाल्या तर ती सकाळी बसमध्ये चढेल आणि दुपारपर्यंत मला दिसणार नाही. तरी जाणार आहे.

भीती कायम आहे. लोभही कायम असावा.

तुमची
हेमा