उकळलेला माउथ ऑर्गन

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर रागावशील म्हणून पत्र. सोबतच्या खोक्यात माझे अकरा माउथ ऑर्गन आहेत, एकेका पट्टीचा एकेक. ते आता तुझ्याकडेच राहू देत. माझं वाजवणं संपलं.

न्यूमोनियातून उठलो खरा, पण डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं आता पूर्वीइतकी भरणार नाहीत. वाजवायला बंदी नाही, झेपेल तेवढं वाजवा म्हणाले. आमच्या बँडची रीत तुला ठाऊक आहे. एक-दोन-तीन कोणी मोजत नाही. मी माइकसमोर मोठा श्वास आत ओढतो, त्या आवाजावर ड्रमवाला पहिला ठोका देतो आणि पाचही जण सुटतात. सव्वीस वर्षं हेच चाललंय. शनिवारी श्वास घ्यायला गेलो तर आला खोकला. ड्रमवाल्याला वाटलं हाच इशारा. झालं, गाणं सुरू! लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवीन काहीतरी प्रकार असेल म्हणून. ड्रमवाला नंतर म्हणतो, खोकला तालात होता. मला हसू आलं नाही, कारण पुढे ब्लूजमधला तो लांब सूर ओढायचा होता आणि तो मध्येच तुटला. पाचशे माणसांसमोर.

बँड मोडतो आहे. वीस मार्चचा कार्यक्रमही रद्द म्हणून कळवीन. बँडमधल्या मंडळींना अजून सांगितलेलं नाही, पहिलं तुला.

तुझा,
फुंक्या

दि. १३ फेब्रुवारी

चि. फुंक्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक फुफ्फुसांना वेगळा.

खोकं पोचलं. वैराग्य पार्सलने पाठवणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. तुझ्या भावोजींनी त्यातला एक तोंडाला लावून पाहिला, तर शेजारीण काही दुखतंखुपतंय का म्हणून विचारून गेली. तेव्हा हे धन आमच्याकडे ठेवणं कोणाच्याच हिताचं नाही.

आता एक गोष्ट, जी मी बेचाळीस वर्षं दडवून ठेवली. तू दहा वर्षांचा होतास, घसा सुजून तापाने पडला होतास. तोंडात जाणारं सगळं उकळून घे, असं आईने मला बजावलं होतं. मी आज्ञाधारक मुलगी. चमचे, पेला आणि तुझा नवाकोरा माउथ ऑर्गन एकाच पातेल्यात घातला, वर साबणाचा चुरा. वीस मिनिटं खळाखळा उकळला. आतलं लाकूड फुगलं, फुंकायच्या बाजूच्या पितळेच्या पट्ट्या अडकल्या. फुंकलं की नुसती हवा; श्वास आत ओढला तरच सूर निघायचा. तू दोन दिवस रडलास. अण्णा म्हणाले, हलका माल. मी मान डोलावली. आणि मग, दुसरा मिळेपर्यंतची दोन वर्षं, तू त्या अर्ध्या मेलेल्या वाद्यावर ओढून ओढून वाजवत राहिलास.

प्राणायामाच्या परिभाषेत सांगायचं तर रेचक गेला, पूरक उरला. पुढे मोठेपणी तूच मला समजावलंस की ब्लूज मुख्यतः आत ओढलेल्या श्वासावर वाजतो, म्हणून. तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला होता. तुला वाटलं, मी कंटाळले.

बाबा रे, अर्धं वाद्य निकामी असताना तू उरलेल्या अर्ध्यावर जन्म काढलास. आता थोडा श्वास निकामी झाला, तर उरलेला टाकून देतोस? तुला फुंक्या म्हणतो आम्ही, पण खरं तर तू ओढ्या. वीस मार्चला मी तिसऱ्या रांगेत बसणार आहे, मग तू वाजव नाहीतर समोर बसून माझं तोंड बघ. खोकलास तरी चालेल. तालात असतो म्हणे.

माया आहे तेवढी पुष्कळ आहे, आणखी वाढायचं तिचं वय राहिलं नाही.

तुझी अपराधी,
ताई

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कबुलीजबाब पोचला. ताई, मला माहीत होतं. पातेल्यातून काढून, फडक्याने पुसून तू तो उशाशी परत ठेवलास, तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. वर्षभर त्याला साबणाची चव होती. पण तू तीन दिवस धड जेवली नाहीस, मग बोलणार काय? मात्र त्यामुळेच मी ओढायला शिकलो, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. मुलाखतीत मी आपला कुठल्याशा जुन्या रेकॉर्डला श्रेय देत आलो.

काल तालमीला सगळ्यांना सगळं सांगितलं. पातेल्याचं ऐकून ड्रमवाला खुर्चीवरून पडायचा राहिला. मग त्याच्या मुलीचा खेळण्यातला माउथ ऑर्गन घेऊन बसलो. लांब सुराचे तीन तुकडे केले. मी ओढतो, थांबतो; त्या रिकाम्या जागेत गिटारवाली दोनच सूर टाकते; मी पुन्हा ओढतो. ऐकायला वाईट नाही, ताई. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरं आहे. मी म्हटलं, आता इशारा बदलू, ड्रमवाल्याने मोजावं. तो साफ नाही म्हणाला. श्वास यायला लागेल तेवढा वेळ लागू दे, आम्ही थांबू, म्हणाला. मग काठ्या मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. पाचही जण बसले. बराच वेळ लागला. आला.

वीसचा कार्यक्रम होणार, आणि तो शेवटचा नाही. खोकं ताबडतोब उलटटपाली पाठव. भावोजींना नमस्कार, आणि शेजारणीला माझ्या वतीने माफी.

तुझा आज्ञाधारक (तुझ्याइतका नाही),
ओढ्या

ता. क. पाठवण्यापूर्वी धुऊ नकोस.