हॉलच्या खांबावरची रेघ

ब्रॅकन फ्लॅट, क्वीन्सलंड
३ मार्च १९८६

प्रिय टॅम्सिन हिस,
अ. उ. आ.

तुझा अहवाल येईपर्यंत इकडे सगळं क्षेम होतं. अगं, मावशीच्या मुळावर उठायला तुला दुसरी नदी मिळाली नाही का? सात वर्षं आम्ही बायकांनी घरी भाजलेले भोपळ्याचे स्कोन विकून वृद्धनिवासासाठी नदीकाठच्या मैदानावरची जागा मिळवली. बावीस खोल्या. क्लेम काकाची खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवायची तेही ठरलं. त्याला आता घरचा जिना चढवत नाही आणि मला त्याला उचलवत नाही. आणि तू विद्यापीठात बसून लिहितेस की तिथे चार मीटर पाणी चढेल.

मैदानाच्या कडेच्या हॉलच्या खांबावर १८९० च्या महापुराची रेघ कोरलेली आहे. गुडघ्याएवढी. त्याहून मोठा पूर गावाने पाहिलेला नाही, आणि आम्ही जोतं कमरेएवढं धरलंय. जूनमध्ये कौन्सिलची सभा आहे. तोवर शहाण्यासारखा अहवाल मागे घे.

रागात असले तरी तुझीच,
बेरिल मावशी


ब्रिस्बेन
११ मार्च १९८६

ती. बेरिल मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण अहवाल मागे घेणार नाही, रागव हवं तर.

गावाखालच्या घळीत, उंच कपारीत मी महिनाभर खणत होते. मोठा पूर आला की नदी त्या कपारीत शिरते आणि जाताना बारीक वाळूचा थर ठेवून जाते. असे नऊ थर मिळाले. त्यातल्या कोळशाच्या कणांवरून वयं काढली. दोन हजार वर्षांत नऊ पूर, पण सारख्या अंतराने नाहीत. एकदा तीनशे वर्षं नदी गप्प बसली, एकदा एका माणसाच्या आयुष्यात तीनदा आली. शंभर वर्षांत पाहिलं नाही म्हणजे येणार नाही, असं तिच्याबद्दल म्हणता येत नाही.

सगळ्यात वरच्या थरात जिंजर बिअरच्या बाटलीचा तुकडा आहे. म्हणजे तो पणजोबांच्या काळातला, बहुधा तुमचा १८९० चाच पूर. मोजणी दोनदा केली. त्याचं पाणी मैदानावर चार मीटर होतं. खांब गुडघ्याएवढं म्हणतो. तो हॉल पहिल्यापासून तिथेच होता का, एवढं मात्र कोणाला तरी विचार.

राग धर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी टॅम्सिन


ब्रॅकन फ्लॅट
२० जून १९८६

प्रिय टॅम्सिन हिस,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न वाचून हसले होते. मग क्लेमच्या आईचा जुना अल्बम काढला आणि हसू जिरलं. १९११ सालचा फोटो. बैलांच्या सोळा जोड्या, खाली ओंडके, आणि त्यावर आपला हॉल, खांबासकट, टेकडीवरून खाली निघालेला. आमच्याकडे जागा आवडेनाशी झाली की लोक इमारतच उचलून नेतात, हे मला माहीत नाही होय? पणजोबांना हॉल खेळाच्या मैदानाजवळ हवा होता, बस. रेघ कोरली तेव्हा तो टेकडीच्या मध्यावर, चर्चपाशी उभा होता. गुडघ्याएवढं पाणी तिथे होतं, बाई.

खोटं कशाला सांगू, फोटो दोन दिवस पिठाच्या डब्याखाली दडवला. क्लेमनेच शोधला. म्हणाला, मी अजून दोन वर्षं स्वयंपाकघरात खाटेवर झोपेन, पण दुसऱ्या कोणाचा नवरा बुडेल अशा खोलीत मला नेऊ नकोस.

काल सभेत उभी राहिले आणि माझीच योजना माझ्याच तोंडाने मोडली. कौन्सिलचे अध्यक्ष ऑस्मंड प्रिडो म्हणाले, भाचीने मावशीचं डोकं फिरवलं. मी फोटो त्यांच्या चहाच्या कपापुढे ठेवला आणि सांगितलं की बैल मोजा. मग दूधवाल्या हार्टिगनने टेकडीच्या माथ्यावरचं आपलं कुरण देऊ केलं आणि एकूण एक हात वर गेले. प्रिडोंचा सगळ्यात शेवटी. घरी येऊन पोटभर रडले आणि मग दोन बश्या पुडिंग खाल्लं.

जिच्यामुळे मावशीची मान उंच झाली तिला पुष्कळ प्रेम.
बेरिल मावशी


ब्रॅकन फ्लॅट, टेकडीवरून
१४ फेब्रुवारी १९८९

प्रिय टॅम्सिन हिस,
अ. उ. आ.

फोन बंद आहेत. तुझी काळजीची चिठ्ठी बचावाच्या बोटीतून मिळाली, हे उत्तर त्याच बोटीने धाडते.

शनिवारी सकाळी नदी मैदानावर आली ती थांबेचना. हॉलच्या छपराचं नुसतं आढं दिसतं आहे. खालच्या वस्तीतली माणसं वेळेवर वर आली, कारण वर यायला जागा होती. नव्वद पाहुणे आमच्या नव्या वृद्धनिवासाच्या जेवणघरात झोपतात. प्रिडो ओल्या विजारीनिशी आले. मी त्यांना भांडी घासायला लावलं. बरी घासतात.

क्लेम खिडकीशी बसून सगळ्यांना हुकूम सोडतो आहे. मी खोलीखोलीतून फिरून आमची म्हातारी माणसं मोजली, मग पुन्हा मोजली. बावीसच्या बावीस कोरडी आहेत, आणि दुधात साखर कमी म्हणून कुरकुरत आहेत. खाली मैदानावर आज कोणी नाही, टॅम्सिन. कोणीच नाही.

आम्हा सगळ्यांवर तुझा जीव असाच राहू दे.
तुझी बेरिल मावशी