पाहा : खडूस, २०११

५ जानेवारी, सोमवार
सोनवणे सरांकडून प्रकरण पाच परत. पानभर हिरव्या पेनाच्या रेघोट्या. "दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो, हे तुम्हाला स्वप्नात दिसलं का, वृषालीबाई? संदर्भ कुठेय?" म्हटलं, सर, हे आख्ख्या नाशिकला माहितीये. तर म्हणे, "मग आख्खं नाशिक कोणत्या साली, कोणत्या पानावर असं म्हणालं, ते लिहा." सहा वर्षं हा माणूस माझा गाइड आहे. एकदा हसला असेल तर शपथ.
खरी बातमी पुढेच. ३१ला रिटायर, लगेच मुलाकडे बंगलोरला. "त्यानंतर मी कुणाचा गाइड नाही." माझ्या दोन्ही मुदतवाढी संपल्यात. म्हणजे ३१च्या आत सरांची सही झाली तर पीएच. डी., नाहीतर नाशिकचा फुलबाजार बसला माझ्या छातीवर कायमचा.

७ जानेवारी, बुध.
फरीदा, आमच्या कॉलेजची लायब्ररियन, देव तिचं भलं करो. लॅपटॉपवर संदर्भांचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. लेखांची माहिती एकदा भरून ठेवायची. मग लिहिता लिहिता बटण दाबायचं, पट्टी उघडते, लेखकाचं नाव टाकायचं, की कंसात आडनाव नि साल आपोआप वाक्यात हजर. शेवटची यादीसुद्धा तेच लावतं. मी त्याला मुनीम म्हणते.
घोळ एकच. फुलशेतीवर लिहिणारं निम्मं जग सोनवणे आहे. पट्टीत "सोनवणे" टाकलं की वरात निघते, त्यात आपले सर शोधा. म्हणून लेखकाच्या रकान्यात सरांना "खडूस" लिहून टाकलं. भामरे सरांना "बडबड्या". (सरांचे जिवलग. दोघांनी मिळून लेख लिहिलेत. माइक हातात आला की सोडायचे नाहीत. गेले बिचारे दोन वर्षांपूर्वी.) आता "ख" टाकला की सर हात जोडून उभे!
फरीदा : "मॅडम, बाद में बदलना भूल जाओगे."
मी : भूल कशी जाईन? डोक्यावर पडलेय का?

१० जाने., शनि.
मुनीम सुसाट. प्रकरण पाच संपलं, सहा निम्मं. मधेच मराठी वाक्यात इंग्रजी "and" घुसडत होता, "खडूस and बडबड्या". भाषा मराठी केल्यावर सुधारला.
घरात मात्र वात आणलाय. आज जेवताना मंगेश : "आमटीत मीठ कमी आहे (मंगेश, २०२६)." म्हटलं, पुरावा? तर म्हणे, "पाहा : आई, १९८४." नवरा आहे की परीक्षक!

१३ जाने., मंगळ.
झालं. सगळं झालं!! फरीदाने बजावलं होतं, छापायला देताना मुनीमचे कंस साध्या मजकुरात बदला, नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर विस्कटतात. एका बटणात केलं. मग आठवलं, अगं बाई, टोपणनावं! मुनीम उघडून सगळीकडे खरी नावं घातली, यादी नव्याने काढून शेवटी चिकटवली. यादीत झोकात "सोनवणे". घ्या, म्हणे भूल जाओगे.
गंगापूर रोडच्या दुकानातून दोन प्रती काढल्या. एक सरांना, एक घरी.

१४ जाने., संक्रांत
इंदिरानगरला सरांच्या घरी जाऊन प्रबंध दिला, वर तीळगूळ. "गोड बोला, सर." सर म्हणाले, "आधी वाचतो."

१५ जाने., गुरु.
मेले.
सकाळी मंगेश चहा पितापिता घरची प्रत चाळत होता. एकदम ठसका. "अगं, हा खडूस कोण? फार मोठा विद्वान दिसतोय!" आणि मोठ्यांदा वाचून दाखवलं : "खडूस (२०११) यांचे हे विवेचन या विषयात पायाभूत मानले जाते."
कंस साधे केले तेव्हाच मुनीमची आणि मजकुराची नाळ तुटली. नंतर मुनीमच्या पोटात कितीही नावं बदला, मजकुराला काय त्याचं! यादीत सोनवणे-भामरे, आणि आत पानोपानी खडूस नि बडबड्या. "खडूस आणि बडबड्या यांनी प्रथमच दाखवून दिले की..." देवा रे.
मंगेश जमिनीवर लोळून हसला. मी रडले. खरंच रडले.

१७ जाने., शनि.
फरीदाची आयडिया : "सांगा, बाइंडिंगवाल्याने पानं उलटी लावली. प्रत परत घ्या." गेले. सरांनी दार उघडलं. चेहरा नेहमीसारखा दगड.
"पानं नीट आहेत. प्रकरण दोनपर्यंत आलोय." आणि वर, "बरेच नवे लेखक वाचलेले दिसतायत तुम्ही."
सर म्हणाले, "चहा घेणार?" सहा वर्षांत पहिल्यांदा चहा! फाशीच्या आधी विचारतात ना, तसं वाटलं. नको म्हणून पळाले.

२१ जाने., बुध.
सटाण्याहून आईचा फोन. "सरनी सही व्हयनी का वं?" नाही म्हटलं. "व्हई जाई. मानूस चांगला शे." आई, तुझ्या लेकीने त्या चांगल्या माणसाला काय केलंय ते तुला सांगितलं तर तू सटाण्याहून चालत येऊन मला झोडपशील.

२४ जाने., शनि.
सर फोन उचलत नाहीत. मंगेशपण आता हसायचा थांबलाय, ते जास्त वाईट. पहाटे फुलबाजारात थंडीत उभं राहून बायकांशी बोलले, आडत्यांच्या शिव्या खाल्ल्या, पोराची बारावी नि प्रकरण तीन एकत्र काढलं. आणि हे सगळं जाणार कशामुळे? माझ्या वाह्यात तोंडामुळे. राग येतोय. सरांचा नाही, माझाच.

२८ जाने., बुध.
बोलावणं आलं. सरांनी प्रत हातात दिली, "घरी जाऊन बघा," एवढंच. घर कुठलं, त्यांच्याच जिन्यात बसून उघडली.
हिरवं पेन पानोपानी. "खडूस (२०११)" : साल खोडून वर "२०१२". पुढे "पान ४७ नव्हे, ७४." नावाला हातच नाही लावलेला! ते "पायाभूत मानले जाते" वाक्य आख्खं काट मारलेलं, बाजूला : "अतिशयोक्ती. वगळा."
पान छत्तीसवर "बडबड्या"पाशी समासात बारीक अक्षरात : "खरं आहे."
आणि शेवटच्या पानावर : "मजकूर आणि यादी यांतील नावे जुळत नाहीत. एकसारखी करावीत."
हसू का रडू कळेना. दोन्ही झालं. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला लागल्या, कुणी गेलं का.

३० जाने., शुक्र.
दोन दिवस रजा. फरीदा शेजारी बसून एकेक कंस वाचत होती, मी बदलत होते. ती एकदाही "मैंने बोला था" म्हणाली नाही. तिला साडी घेणार आहे. नवी प्रत निघाली. खडूस कुठेही नाही.

३१ जाने., शनि.
सकाळी सरांकडे. घरभर खोकी, दोरीने बांधलेली पुस्तकं. सरांनी प्रत घेतली ती थेट पान छत्तीस उघडलं. तिथे आता "भामरे". त्या नावावर बोट ठेवलं.
"इथं आधी दुसरं काहीतरी होतं."
मी मान खाली घालून म्हटलं, बडबड्या.
आणि सर हसले! चांगले खो खो. "लेखाचं एक वाक्य लिहायचा नाही, चार तास बोलायचा. लिहायचो मीच." मग चष्मा काढून पुसत बसले. "दोन वर्षांत त्याचं कुणी नावच काढलं नाही हो माझ्यापुढे. सगळे घाबरतात."
मी भामरे सरांच्या माइकची गोष्ट सांगितली, तर परत हसले.
सहीचं विचारलं तर लगेच दगड. "आधी यादी तपासतो. एक साल जरी चुकलं तरी सही नाही." मग दारापर्यंत आले. "रात्री नऊची गाडी आहे. पाचला या. खडूस घरीच असेल."
आत्ता सव्वाचार. सहीचं पान फाइलमध्ये घातलंय. मंगेश खाली स्कूटर काढून हॉर्न वाजवतोय आणि मी इथे सालं तपासत बसलेय.