बेड सहाचा होकार

३ फेब्रु., मंगळ.
लाँग डे, बारा तासांची ड्यूटी. आज वॉर्डात माझा भाव वधारला. बेड ६ च्या पंजाबी आजी, शुगरने पाय काळा पडलाय, गुडघ्याखालून काढायचा. मुलगा अमृतसरहून परत यायला निघालेला, विमानात, फोन लागेना. फोनवरच्या दुभाष्यासाठी दोन तास थांबावं लागणार. हेलन, आमची वॉर्ड मॅनेजर, सरळ माझ्याकडे. "यू आर एशियन, लव्ह. यू कॅन टॉक टू हर."
सांगायला हवं होतं की मी साताऱ्याची, पंजाबी येत नाही, आणि माझी हिंदी हा घरात चेष्टेचा विषय आहे. पण लीड्सला येऊन आठ महिने झाले, इथे कुणाला माझी गरज पहिल्यांदाच पडली. "शुअर" म्हटलं.
सर्जन इंग्रजीत सांगत होता, मी हिंदीत. मग आजी माझा हात धरून बराच वेळ बोलल्या. चतकोर कळलं. नवऱ्याचं काहीतरी. डोळ्यांत पाणी. एवढ्या म्हाताऱ्या बाईला "काय म्हणालात?" असं किती वेळा विचारणार? मी आपली मान हलवत राहिले. "ठीक है ना, बीबीजी?" "हांजी, हांजी." आजींनी संमतीच्या कागदावर सही केली. मी सर्जनला सांगितलं, "शी इज ओके विथ इट. जस्ट स्केअर्ड."

४ फेब्रु.
ऑपरेशन नीट पार पडलं. हेलनने स्वतः चहा आणून दिला. "अवर स्टार." घरी नवऱ्याला, नितीनला सांगितलं तर म्हणतो, "तुझ्या हिंदीवर पाय कापला?" दोघंही हसलो. हसलो आम्ही.

६ फेब्रु., शुक्र.
आजी भिंतीकडे तोंड करून. जेवण तसंच परत. दुपारी मुलगा जसबीर मला बाहेर घेऊन गेला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.
"सिस्टर, माँ ने मना किया था."
त्याच्या वडिलांचा पाय असाच काढला होता. आठवड्यात गेले. आजी मला हेच सांगत होत्या. कापू नका, अख्खी जाऊ द्या.
मग सही?
"आप सर हिला रही थीं. उनको लगा, आपने डॉक्टर को वही बताया, उसी का काग़ज़ है."
लिनन रूममध्ये जाऊन रडले. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

९ फेब्रु., सोम.
तक्रार आली. नोट्समध्ये सर्जनने लिहिलंय, नर्समार्फत संमती घेतली, नर्सला पेशंटची भाषा येते. मला कुणी विचारलं होतं? पण मीही कुठे बोलले.
शुक्रवारपर्यंत लेखी जबाब. हेलनने दार लावून घेतलं. "जस्ट से यू एक्सप्लेन्ड इट क्लिअरली. दीज ओल्ड एशियन लेडीज गेट कन्फ्यूज्ड, यू नो हाऊ दे आर." मंगळवारी मी त्यांच्यातली होते, आज हिच्यातली. हिची सोय.
पाय काढला नसता तर त्या गेल्या असत्या, असं सर्जन म्हणतो. असेलही. त्या तेच तर मागत होत्या.
नितीन : "तुझ्या नोकरीवर आपल्या दोघांचा व्हिसा आहे. खोटं बोलू नकोस, फक्त सगळं बोलू नकोस."

११ फेब्रु.
आजींची मेमरी टेस्ट झाली. आता मात्र खरा दुभाष्या लगेच मिळाला. आजींनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. भिंत. शीटवर 'कन्फ्यूज्ड' पडलं. म्हणजे मी गप्प बसले की त्या वेड्या ठरणार. मी जवळ गेल्यावर तेवढं वळून पाहिलं त्यांनी. मला बघवेना. ड्रेसिंग ग्रेसला, माझ्याबरोबरच्या नर्सला, करायला लावलं.

१३ फेब्रु., शुक्र.
दिला जबाब. चारच ओळी. मला पंजाबी येत नाही. त्या काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. मी कळल्यासारखं केलं. त्या कन्फ्यूज्ड नाहीत.
हेलनने दोनदा वाचला. "ओह, लव्ह." मग आवाज बदलला. सोमवारी मीटिंग, एचआर पण. तोवर पेशंटना हात लावायचा नाही. सोबत एकाला आणता येतं, पण नवरा चालत नाही, वॉर्डातलंच हवं. "पिक समवन हू नोज यू वेल."
ग्रेसला विचारलं. ती मनिलाची, रोज माझ्याच डब्यातलं खाते. म्हणाली, "सॉरी दीदी, माय व्हिसा ऑल्सो." दीदी म्हणायला मीच शिकवलंय.
नितीन सकाळपासून बोललेला नाही.
फॉर्म पाचपर्यंत द्यायचाय. मला नीट ओळखणारं कुणीतरी. चार वाजून दहा. ड्यूटी रोस्टर समोर घेऊन बसलेय, बावीस नावं आहेत, वरून खाली दोनदा वाचून झाली.