आखाजीची थंड खोली

डिंडोली, सुरत
२ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप उज्ज्वलाआक्का,

लखनचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीने, रंजनाने, तुझ्यासाठी भाकरीला कळण्याचं पीठ दळून ठेवलंय. दाजींना नमस्कार सांग.

राखी आठवड्यावर आली तरी मी बोलावलं नाही, म्हणून तू रागावलीस. फोनवर म्हणालीस, "भाऊ, मना माहेरना रस्ता बंद करी टाका का रे?" पुढे तुला खोकल्याची उबळ आली आणि मी फोन ठेवला. तुझा खोकला ऐकला की माझी जीभ उचलत नाही. म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला आलात, तेव्हा दाजी हसले होते, "सुरतचं माहेर म्हणजे भट्टी." वरच्या खोलीचा पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, हे खरंच होतं. पण मला ते झोंबलं. कापडाचा लूम सोडून मी पत्र्याखाली गारव्यासाठी फोम मारायच्या कामाला लागलो, आणि माझ्याच बहिणीने भाजून निघावं?

या फोमच्या दोन जाती. मऊ फोम स्वस्त, पण पाणी पितो. घट्ट फोम गारवा धरतो, पण त्याच्याआड पत्रा गळला, गंजला तरी दिसत नाही, आणि एकदा चिकटला की निघता निघत नाही. दोन्ही दोन पिंपांतलं केमिकल मिसळून होतात. मिश्रण चुकलं की फोम कच्चा राहतो आणि वास सोडत बसतो. मारताना आम्ही तोंडावर मास्क चढवतो. नंतर खोली उघडी टाकायची, दुसऱ्या दिवसापर्यंत आत कोणी फिरकायचं नाही, असं शेठच्या गिऱ्हाइकांना मीच बजावतो.

घरी मात्र यंदा उलटं केलं. एका गोडाऊनच्या कामातलं उरलेलं केमिकल शेठला विचारून आणलं. पिंप बरेच दिवस उघडं होतं, मला दिसत होतं. पातळ पातळ थर द्यायचे, तर घाईत एकदमच जाड मारला. सकाळी मारला आणि संध्याकाळी तुम्ही आखाजीला आलात.

तू दारातच नाकाला पदर लावलास. "भाऊ, हाऊ कसाना वास यी ऱ्हायना?"

"नवा रंग शे, आक्का," मी म्हणालो. आणि गारवा जाऊ नये म्हणून खिडकी स्वतः लावली. दाजी म्हणाले, "काय लखन, एसी बसवला का?" मी फुगलो. तू तिथेच झोपलीस.

तुला खोकला धरला, दाजींना काही झालं नाही. हे कोणाला बाधतं, कोणाला नाही. जूनमध्ये तू पुन्हा आलीस, त्याच खोलीत राहिलीस आणि रात्र खोकत, बसून काढलीस. तेव्हाच मला कळलं होतं. आमच्या फोमच्या कामावरच्या सुकदेवला असंच झालं होतं. डॉक्टरांनी त्याला पुन्हा त्या कामाजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तरी मी गप्प राहिलो.

तुझे डॉक्टर म्हणाले, डाळमिलची धूळ भोवली. तू मिलमधलं काम सोडलंस, आणि मी फोनवर म्हणालो, "बरं केलंस, आक्का." धूळ नव्हती ती. पिंपावरचं केमिकलचं नाव या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय, ते डॉक्टरांना दाखव. आजच दाखव.

फोम खरवडून निघेना, म्हणून सगळे पत्रेच उतरवतोय. भर पावसात छप्पर काढतो म्हणून गल्ली हसते. रंजना हसत नाही. तिला सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

नवे पत्रे बसून खोलीला नीट वारा लागेपर्यंत तू येऊ नकोस. राखीला मीच येतो. कामाचे कपडे इथेच ठेवून येईन. हात पुढे करीन. बांधावीशी वाटली नाही, तर रिकाम्या हाताने परत जाईन आणि तुझी काही चूक समजणार नाही.

ती खिडकी लावणारा,
तुझा भाऊ
लखन